मेडिकेअरची लेट पेनल्टी कशी टाळायची

अमेरिकेत पासष्टी गाठलेल्या ज्या मराठी घरांत मेडिकेअरची (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) उशिरा अर्ज केल्याबद्दलची पेनल्टी येऊन पडते, तिथे बहुतेक वेळा विमा होता. रिटायर झाल्यावर कोब्रा (सुटलेल्या नोकरीतला विमा स्वतः पैसे भरून काही काळ चालू ठेवायची सोय) घेतलेला होता, आईवडिलांना मार्केटप्लेसचा (सरकारी विमा बाजारातला) प्लॅन होता, पुण्याला परतलेल्यांकडे चांगली मोठी मेडिक्लेम होती. एक दिवसही विम्याशिवाय राहिलो नाही, मग दंड कसला, असा प्रश्न पडतो. अडचण अशी की पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) देताना सोशल सिक्युरिटीवाले (मेडिकेअरचे अर्ज घेणारं सरकारी खातं) विमा होता का एवढंच विचारत नाहीत. हा विमा सध्या चालू असलेल्या नोकरीतून मिळालेला आहे का, आणि ती नोकरी तुमची किंवा तुमच्या जोडीदाराची आहे का, हे ते विचारतात. उत्तर 'नाही' आलं की पेनल्टीचं घड्याळ चालू. पार्ट डी म्हणजे औषधांचा भाग, त्याचा प्रश्न वेगळा आणि मुदतही वेगळी. तिथे नोकरी आहे की नाही याला महत्त्व नाही, औषधांचा विमा पुरेसा चांगला होता का हे बघतात. दोन्ही घड्याळं एकच समजली की गडबड होते.

आधी पैशांचं बोलू. खालचे सगळे आकडे २०२६ चे आहेत आणि दरवर्षी बदलतात.

पार्ट बीचा नेहमीचा प्रीमियम महिना २०२.९० डॉलर. उशिराच्या दर पूर्ण बारा महिन्यांना १० टक्के, आणि ही वाढ जन्मभर. मोजतात फक्त पूर्ण झालेली वर्षं. ३० महिने उशीर म्हणजे दोन वर्षं, म्हणजे २० टक्के: २०२.९० चे २४३.५० होतात. पुढे प्रीमियम वाढला की त्या वाढलेल्या आकड्याच्या २० टक्के. उत्पन्न जास्त असणाऱ्यांना जो जादा आकार द्यावा लागतो (एकट्याचं १,०९,००० किंवा दोघांचं मिळून २,१८,००० डॉलरच्या वर), त्यावर पेनल्टी चढत नाही, ती मूळ प्रीमियमवरच.

पार्ट डीची पेनल्टी उशिराच्या दर महिन्याला १ टक्का, तीही पार्ट डी असेपर्यंत. टक्का तुमच्या प्लॅनच्या किमतीवर काढत नाहीत, देशभरासाठी ठरलेल्या ३८.९९ डॉलरच्या पायाभूत आकड्यावर काढतात. चौदा महिने राहून गेले तर १४ टक्के, म्हणजे ५.४६, जवळच्या दहा सेंटला नेऊन ५.५० डॉलर महिना. प्लॅन शून्य प्रीमियमचा असला तरी हे साडेपाच द्यावेच लागतात.

पार्ट ए म्हणजे रुग्णालयातल्या मुक्कामाचा भाग, तो बहुतेकांना फुकट असतो, आणि फुकट असेल तर त्याला पेनल्टी नसते. फुकट मिळायला स्वतःचे किंवा जोडीदाराचे ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षांचं करपात्र काम लागतं. ३० ते ३९ क्वार्टर असतील तर महिना ३११ डॉलर, त्याहून कमी असतील तर ५६५. असा विकत घ्यावा लागणारा पार्ट ए वर्षभर किंवा जास्त लांबवला तर १० टक्के जास्त, पण ही पेनल्टी जन्मभर नाही. जितकी वर्षं उशीर त्याच्या दुप्पट वर्षं, मग संपली.

क्वार्टर किती भरले आहेत ते एसएसए डॉट गव्हवर स्वतःचं खातं उघडून आजच बघा, पासष्टीची वाट पाहू नका. एफ-१ वर शिकत असताना केलेल्या कामावर सोशल सिक्युरिटी कर कापलेला नसतो, म्हणून ती वर्षं तिथे दिसणार नाहीत. एच-१बीची दिसतील. भारतातल्या नोकरीची वर्षं इथे जोडता येत नाहीत, कारण दोन देशांत अजून तसा करार नाही. छत्तीस-सदतीस क्वार्टरवर अडलेला माणूस थोडं अर्धवेळ काम करून चाळीस पुरे करू शकतो. २०२६ मध्ये एका क्रेडिटला (म्हणजे एका क्वार्टरला) १,८९० डॉलरची कमाई लागते, आणि वर्षात चारपेक्षा जास्त क्रेडिट मिळत नाहीत.

सात महिने, आणि एक जूनवाल्यांची गंमत

पहिली संधी सात महिन्यांची: पासष्टी ज्या महिन्यात भरते तो महिना, त्याच्या मागचे तीन आणि पुढचे तीन. मागच्या तीनपैकी कुठल्याही महिन्यात अर्ज केला तर विमा पासष्टीच्या महिन्याच्या एक तारखेला चालू होतो. त्यानंतर केला तर अर्जाच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.

आता आपल्याकडची खास गोष्ट. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लावून दिलेली पिढी आता पासष्टीला आली आहे. पासपोर्टवर एक जून, ग्रीन कार्डवर एक जून, सोशल सिक्युरिटीतही एक जून. ज्यांचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा त्यांचं वय कायद्याने आदल्या दिवशीच पूर्ण होतं, म्हणून त्यांचं सगळं वेळापत्रक एक महिना अलीकडे सरकतं. १ जून १९६१ ची तारीख असेल तर पासष्टी मे २०२६ मध्ये धरली जाते. मेडिकेअर १ मेपासून मिळू शकतं, आणि सात महिने होतात फेब्रुवारी ते ऑगस्ट. 'जून अधिक तीन महिने म्हणजे सप्टेंबर' असा हिशेब करून सप्टेंबरात गेलात तर मुदत टळलेली असते. खरा वाढदिवस घरात माघात साजरा होत असला तरी इथे कागदावरचाच चालतो. पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जन्मतारीख वेगवेगळी असेल तर ते प्रकरण पासष्टीच्या निदान वर्षभर आधी मिटवा.

दुसरा घोळ ६५ आणि ६७ चा. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटीची पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळते, म्हणून मेडिकेअरही ६७ लाच असा अनेकांचा समज होतो. मेडिकेअर ६५ लाच. पासष्टीच्या निदान चार महिने आधीपासून पेन्शन घेत असाल तर ए आणि बी आपोआप लागतात आणि कार्ड घरी येतं. पेन्शन ६७ किंवा ७० पर्यंत थांबवली असेल तर आपोआप काहीही होत नाही. मेडिकेअर चालू करायला पेन्शन चालू करावी लागत नाही, एसएसए डॉट गव्हवर नुसत्या मेडिकेअरचा अर्ज करता येतो.

नवऱ्याने अर्ज केला म्हणून बायकोचं मेडिकेअर लागत नाही. दोघांचे अर्ज वेगळे, मुदती वेगळ्या, पेनल्टी वेगळी. जोडीदाराच्या क्वार्टरवर पार्ट ए फुकट हवा असेल तर तो जोडीदार निदान ६२ वर्षांचा असावा लागतो.

पासष्टीनंतरही नोकरी चालू असेल

तुम्ही किंवा जोडीदार काम करत आहे आणि कंपनीचा ग्रुप विमा आहे, तर पार्ट बी थांबवायला हरकत नाही. नोकरी सुटेल किंवा तो विमा सुटेल, यातलं जे आधी होईल त्याच्या पुढच्या महिन्यापासून आठ महिन्यांची खास मुदत मिळते, आणि या मुदतीत अर्ज केला तर पेनल्टी नाही.

पण कंपनी किती माणसांची आहे ते विचारा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीचा विमा आधी पैसे भरतो. वीसपेक्षा कमी असतील तर मेडिकेअर आधी आणि कंपनीचा विमा मागून. छोट्या कंपनीत पार्ट बी घेतला नाही तर पेनल्टी लागत नाही, पण कंपनीचा विमा 'मेडिकेअरने जेवढं भरलं असतं तेवढं आम्ही देणार नाही' म्हणून हात वर करू शकतो. मित्राच्या सहा माणसांच्या कन्सल्टिंग कंपनीत असाल तर पासष्टीला ए आणि बी दोन्ही घ्या.

हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट (उपचारांसाठी करसवलतीत पैसे साठवायचं खातं) असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपायची. पासष्टीनंतर उशिरा अर्ज केला की फुकटचा पार्ट ए मागच्या तारखेने, जास्तीत जास्त सहा महिने मागे (पासष्टीच्या महिन्याच्या मागे मात्र नाही), लागू होतो. त्या महिन्यांत खात्यात घातलेले पैसे नियमबाह्य ठरतात आणि त्यावर कर बसतो. म्हणून मेडिकेअरच्या अर्जाआधी सहा महिने त्या खात्यात भर घालणं बंद करा, कंपनी घालत असेल तर तीही.

कागद दोनच, पण नीट भरायला हवेत. सीएमएस-४०बी हा पार्ट बीचा अर्ज. सीएमएस-एल५६४ हा नोकरी आणि विम्याचा दाखला, त्याचा वरचा भाग तुम्ही भरायचा, खालचा कंपनीने. एल५६४ मध्ये पासष्टीपासून आजपर्यंतचा सगळा काळ झाकला गेला पाहिजे. मध्ये कंपनी बदलली असेल तर दोन कंपन्यांचे दोन फॉर्म. विमा जोडीदाराच्या नोकरीतून असेल तर फॉर्म जोडीदाराच्या कंपनीकडून. जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा उत्तर देत नसेल, तर कंपनीच्या भागातली माहिती स्वतः भरा, सही मात्र तिथे करू नका, आणि सोबत पुरावे जोडा: विम्याची कपात दाखवणाऱ्या पे स्लिप, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कंपनीने दिलेला दाखला), तारीख असलेलं विम्याचं कार्ड, त्या वर्षांतली विमा कंपनीची खर्चपत्रकं. दोन्ही फॉर्म ऑनलाइन चढवता येतात. टपालाने किंवा फॅक्सने पाठवलेत तर पाठवल्याची पावती जपून ठेवा.

आठ महिने मिळतात म्हणून आठ महिने थांबू नका. शेवटच्या दिवसाच्या महिना-दोन महिने आधी अर्ज टाकला तर कंपनीचा विमा ज्या रात्री संपतो त्याच्या दुसऱ्या सकाळी पार्ट बी चालू होतो.

कोब्राचा सापळा

सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून तारखा लावून बघू.

समजा एक गृहस्थ ६६ व्या वर्षी ३१ जानेवारी २०२५ ला रिटायर झाले. एचआरने कोब्राचं पाकीट हातात दिलं, डॉक्टर तेच, कार्ड तेच, म्हणून त्यांनी कोब्रा घेतला. अठरा महिन्यांचा कोब्रा जुलै २०२६ ला संपतो. मग ते मेडिकेअरकडे वळतात.

कोब्रा हा सध्याच्या नोकरीतला विमा नाही, सुटलेल्या नोकरीतला आहे. त्यांचे आठ महिने फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाले आणि सप्टेंबर २०२५ ला संपले. आता त्यांना थांबावं लागणार ते १ जानेवारी ते ३१ मार्च या दरवर्षीच्या सर्वसाधारण मुदतीसाठी. जानेवारी २०२७ मध्ये अर्ज केला तर पार्ट बी १ फेब्रुवारी २०२७ ला चालू. ऑगस्ट २०२६ ते जानेवारी २०२७ हे सहा महिने डॉक्टर, तपासण्या, बाह्यरुग्ण उपचार यांना काहीच विमा नाही, आणि हे बहुधा पेनल्टीपेक्षा महाग पडतं. त्यात पेनल्टीची मोजणी अर्जाच्या दिवसापाशी थांबत नाही. ज्या मुदतीत अर्ज केला ती संपेपर्यंत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत महिने मोजतात. फेब्रुवारी २०२५ ते मार्च २०२७ होतात २६ महिने, दोन पूर्ण वर्षं, २० टक्के. २०२६ च्या दराने महिना ४०.६० डॉलर जादा, जन्मभर.

हाच नियम इतर वेषांतही समोर येतो. रिटायर झालेल्यांसाठी कंपनीने चालू ठेवलेला विमा, नोकरी सोडताना सेव्हरन्समध्ये मिळालेला विमा, मार्केटप्लेसचा प्लॅन, यातलं काहीही पार्ट बीसाठी धरत नाहीत. मुलाच्या कंपनीने आईवडिलांना प्लॅनमध्ये घेऊ दिलं असेल तर तेही नाही: पासष्टीनंतर नोकरी स्वतःची किंवा जोडीदाराचीच लागते, मुलांची चालत नाही. आणि व्हिजिटर इन्शुरन्सचा तर इथे विचारच नको.

या मोजणीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा, कारण घाबरून लोक उगाच वर्ष दवडतात. कुणाचे पहिले सात महिने मे २०२५ ला संपले आणि अर्ज फेब्रुवारी २०२६ मध्ये झाला, तर जून ते मार्च असे दहाच महिने मोजले जातात. बारा भरत नाहीत, पेनल्टी शून्य. पण तोच माणूस 'आता दंड बसणारच आहे, पुढच्या वर्षी बघू' म्हणाला तर २०२७ च्या मार्चअखेर बावीस महिने होतात आणि १० टक्के चिकटतात. मुदत चुकली आहे असं कळलं की सगळ्यात जवळचा जानेवारी गाठा.

औषधांचं दुसरं घड्याळ

पार्ट डीला सवलत ६३ दिवसांची. पहिले सात महिने संपल्यावर औषधांच्या योग्य विम्याशिवाय सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले की महिने मोजायला लागतात. 'योग्य' म्हणजे निदान मेडिकेअरच्या औषध प्लॅनइतका चांगला. कंपनी दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत पत्र पाठवते की आमचा औषध विमा या कसोटीला उतरतो की नाही. हे पत्र जाहिरातीसारखं दिसतं आणि कचऱ्यात जातं. फाइल करा, दरवर्षीचं. पाच वर्षांनी पार्ट डी घेताना प्लॅनवाले हाच कागद मागतात, आणि मिळाला नाही तर विमा असूनही तेवढ्या महिन्यांची पेनल्टी लावतात. वजावटीची रक्कम मोठी असलेले काही प्लॅन या कसोटीत नापास होतात, म्हणून 'कंपनीचा आहे म्हणजे चांगलाच असणार' असं धरू नका.

कोब्रा इथे वेगळा वागतो. त्यातला औषध विमा कसोटीला उतरत असेल तर पार्ट डीसाठी तो धरतात. वरच्या गृहस्थांना पार्ट बीची २० टक्के पेनल्टी बसली, पण कोब्रा संपल्यावर दोन महिन्यांत औषधांचा प्लॅन घेतला तर पार्ट डीची बसणार नाही. फुकटचा पार्ट ए असला की त्यावर पार्ट डी घेता येतो, बी लागतोच असं नाही. उलट रिटायर होताना जे 'आठ महिने आहेत' म्हणून निवांत राहतात आणि ज्यांना औषधांचा दुसरा विमा नसतो, ते पार्ट बीमध्ये सुटतात आणि पार्ट डीमध्ये सापडतात. दोन महिने हाच आकडा डोक्यात ठेवा.

आपल्याकडे आणखी एक सवय आहे. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन भारतातून बॅगेतून येतात, इथल्या दुकानात कधी जावंच लागत नाही, मग पार्ट डी कशाला? बॅगेतल्या गोळ्या म्हणजे विमा नव्हे. सध्या एकच गोळी चालू असली तरी आपल्या काउंटीतला सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन ठेवा. एखाद्या कॅन्सरच्या औषधाची वेळ आली तर त्या दिवशी प्लॅन घेता येत नाही, दरवर्षीच्या १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीची वाट बघावी लागते.

ग्रीन कार्डवर आलेले आईवडील

मुलांनी बोलावलेले आईवडील ६८ व्या, ७२ व्या वर्षी येतात. त्यांची पासष्टी केव्हाच उलटलेली असते, म्हणून पेनल्टी आधीच चढली असणार अशी भीती असते. ती खोटी आहे. ग्रीन कार्डवाल्याला मेडिकेअरचा हक्क मिळतो तो अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्यावर, आणि हक्क नव्हता त्या काळाची पेनल्टी नाही. त्यांचे सात महिने पाच वर्षं भरतात त्या महिन्याभोवती मोजायचे. सप्टेंबर २०२१ मध्ये ग्रीन कार्डवर उतरलेल्या आईचे सात महिने जून ते डिसेंबर २०२६. नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि थांबलात तर घड्याळ चालूच राहतं.

'सलग' या शब्दावर मात्र लक्ष हवं. लग्नाला, दिवाळीला महिना-दीड महिना भारतात जाऊन आल्याने सलगता तुटत नाही. दर हिवाळ्यात पाच-सहा महिने नाशिकला राहणाऱ्यांना प्रश्न विचारले जातात. जाण्यायेण्याच्या तारखांची यादी करून ठेवा, पासपोर्टचे शिक्के, तिकिटं, इथल्या बँकेची पत्रकं, टॅक्स रिटर्न, डॉक्टरांकडच्या भेटींचे कागद एका फाइलीत. पाच वर्षं भरतात त्या आठवड्याच्या पुढची सोशल सिक्युरिटीची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा (१-८००-७७२-१२१३). सोबत ग्रीन कार्ड, पासपोर्ट, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला. नाव सगळीकडे एकसारखं आहे ना ते बघा: एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर आडनाव आधी, असा प्रकार आईच्या कागदांत हमखास निघतो.

या घरांत खरा प्रश्न पैशांचा असतो, कारण क्वार्टर शून्य. एकाचे ए आणि बी मिळून महिना ७६७.९० डॉलर, दोघांचे १,५३५.८०. मुलांच्या क्वार्टरवर आईवडिलांना काही मिळत नाही. पार्ट बी एकटा घेता येतो, पार्ट ए विकत घ्यायचा तर बी बरोबर लागतोच. म्हणून काही घरं नुसता बी घेतात: दोघांचे ४०५.८० डॉलर.

इथे आमचं मत स्पष्ट आहे. पार्ट बीमध्ये कंजूषपणा करू नये, कारण ती पेनल्टी मरेपर्यंत. पार्ट एचा हिशेब मांडून बघता येतो. तीन वर्षं लांबवला तर प्रीमियम वाचतो ३६ महिन्यांचा, आजच्या दराने २०,३४० डॉलर. पेनल्टी बसते ५६.५० डॉलर महिना, सहा वर्षं, म्हणजे ४,०६८. कागदावर लांबवणं स्वस्त दिसतं. पण पार्ट बी रुग्णालयातल्या खोलीचे, नर्सिंगचे, मुक्कामाचे पैसे देत नाही, आणि पार्ट ए पाहिजे त्या दिवशी मिळत नाही, जानेवारी ते मार्चमध्येच अर्ज करता येतो. जूनमध्ये खुब्याचं हाड मोडलं तर वाचवलेले वीस हजार एका आठवड्यात जातात. ए आणि बी दोन्ही हातात नसतील तर मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) आणि मेडिगॅपही (मेडिकेअर न देणारा खर्च भागवणारा पूरक विमा) घेता येत नाहीत. नुसता बी घेतलात तरी पार्ट डी त्याच सात महिन्यांत घ्यायला विसरू नका.

मार्केटप्लेसवाल्यांची गोष्ट फसवी आहे. पार्ट ए विकत घ्यावा लागणाऱ्यांना, तो घेतला नसेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर पाच वर्षांनंतरही मार्केटप्लेसचा प्लॅन सबसिडीसकट चालू ठेवता येतो. हे कायदेशीर आहे आणि दर महिन्याला स्वस्तही पडू शकतं. पण त्या काळात पार्ट बीचं घड्याळ थांबत नाही, आणि हे प्लॅनच्या बिलावर कुठे लिहिलेलं नसतं. चालू ठेवायचा तर जाणूनबुजून ठेवा.

उत्पन्न फार कमी असेल तर राज्याच्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमसाठी अर्ज करा. राज्य पार्ट बीचा प्रीमियम भरायला लागलं की पार्ट बीची पेनल्टी निघून जाते, आणि त्याबरोबर औषधांसाठीची एक्स्ट्रा हेल्प मिळते तिच्यात पार्ट डीचीही पेनल्टी नसते. मुलांनी आय-८६४ (आईवडिलांच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म) भरलेला असताना त्यांचं उत्पन्न धरतात की नाही, हे राज्य आणि योजनेप्रमाणे बदलतं. यासाठी प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा आहे, तिथे कुणी काही विकत नाही. एजंटकडे जाण्याआधी शिपला फोन करा. नंबर १-८००-मेडिकेअर, म्हणजे १-८००-६३३-४२२७ वर मिळतो.

पुण्याला परत जाणारे

मूळ मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. मग तिथे राहून महिना दोनशे डॉलर का भरायचे, असं वाटणं साहजिक आहे. उत्तर परत येण्याचा विचार किती पक्का आहे त्यावर आहे. चाळीस क्वार्टर असलेल्या नागरिकाने पार्ट बी घेतला नाही किंवा सोडला, तर भारतात काढलेली वर्षंही पेनल्टीत धरतात. पाच वर्षांनी नातवंडांजवळ परत आलात तर ५० टक्के जास्त, आणि तेही जानेवारीची वाट बघून. भारतातली स्वतःची मेडिक्लेम पार्ट बीसाठी उपयोगाची नाही. तिथे खरोखर नोकरी करत असाल आणि कंपनीचा ग्रुप विमा असेल तर मात्र आठ महिन्यांची मुदत मागता येते, त्यासाठी एल५६४ तिथल्या कंपनीकडून भरून आणा.

पार्ट डीचं वेगळं: अमेरिकेबाहेर राहणाऱ्याला तो घेताच येत नाही, म्हणून त्याची पेनल्टीही चढत नाही. परत आल्यावर दोन महिन्यांत घ्या.

पार्ट बी ठेवायचा ठरवलात तर बिलाची सोय करून जा. पेन्शन चालू असेल तर प्रीमियम त्यातून कापला जातो. नसेल तर तीन महिन्यांचं बिल टपालाने घरी येतं, आणि घर बंद असतं. बिलं थकली की पार्ट बी रद्द, आणि त्यानंतरचे महिने पेनल्टीत. मेडिकेअर इझी पे लावलं की बँकेतून आपोआप जातात. मेडिकेअर ॲडव्हांटेज असेल तर बहुतेक प्लॅन सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की काढून टाकतात, म्हणून लांब जाण्याआधी प्लॅनला विचारा.

पेनल्टीचं पत्र आलंच असेल तर

आधी महिने मोजा. पासष्टीनंतरचे नोकरीतल्या विम्याचे महिने वगळले आहेत ना ते बघा, हे राहून जाणं ही नेहमीची चूक. पार्ट बीसाठी सोशल सिक्युरिटीकडे ६० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, सोबत एल५६४. पार्ट डीचं पत्र प्लॅनकडून येतं, त्यासोबतच्या फॉर्मवर पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज करायचा, ऑक्टोबरची ती पत्रं जोडायची. निकाल लागेपर्यंत पेनल्टी भरत राहा. न भरल्यास प्लॅनच बंद होऊ शकतो.

चुकीची माहिती सोशल सिक्युरिटीच्या किंवा मेडिकेअरच्या माणसाने दिली असेल तर त्या आधारावर दिलासा मागता येतो. फोन केल्याची तारीख, वेळ, समोरच्याचं नाव आणि तो काय म्हणाला, हे तेव्हाच वहीत लिहिलेलं असेल तर अर्जाला वजन येतं. २०२३ पासून कंपनीने किंवा तिच्या विम्याने चुकीची माहिती दिली असेल तर त्यासाठीही खास मुदत आहे, फॉर्म सीएमएस-१०७९७. 'कोब्रा घेतला तरी चालेल, मेडिकेअर नंतर घ्या' असा एचआरचा ईमेल सापडला तर तो जपा. मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) सुटल्यामुळे पार्ट बी राहिला असेल तर तोच फॉर्म, मुदत सहा महिने.

आणि मेडिगॅप घ्यायचा विचार असेल तर पार्ट बी चालू झाल्या दिवसापासून सहा महिने मोजा. त्या काळात मधुमेह असो, स्टेंट असो, विमा कंपनीला नाही म्हणता येत नाही की जास्त पैसे मागता येत नाहीत. सातव्या महिन्यात बहुतेक राज्यांत दोन्ही करता येतं.